फूड ग्रेड ॲसिड विकतोय, पण पर्चेसवाला रेटच्या पुढे बोलतच नाही, काय करू?

महापेकर_९५:
नमस्कार मंडळी. महाप्यात एका ट्रेडरकडे तीन महिन्यांपूर्वी मार्केटिंगला लागलो, सायट्रिक, मॅलिक, टार्टारिक असा माल आहे. रबाळे, पावणे, तुर्भे सगळीकडे फिरतोय, शरबतवाले, जॅमवाले, गोळ्या-जेलीवाले. पर्चेसवाला गेटवरच उभ्याउभ्या विचारतो "किलोला काय?" आणि रेट ऐकला की "आम्हाला दोन रुपये कमीने पडतं" म्हणून आत निघून जातो. मी केमिस्ट्रीत बीएस्सी केलंय, सांगण्यासारखं खूप आहे पण ऐकणारा भेटत नाही. कोणी या लाईनमधलं असेल तर सांगा प्लीज.

आंबटचुका:
भावा, पर्चेसच्या आधी आर अँड डी किंवा क्यूसीच्या (मालाची तपासणी करणाऱ्या) माणसाला गाठ. आणि कॅटलॉग नको दाखवू, त्यांचंच सिरप मागून घे. मी एका कैरीच्या शरबतवाल्याकडे हेच केलं, एका पेपर कपात त्याचं नेहमीचं नुसतं सायट्रिकवालं आणि दुसऱ्यात थोडं सायट्रिक काढून मॅलिक घातलेलं. सायट्रिकचा आंबटपणा पटकन लागतो आणि पटकन जातो, मॅलिकचा हळू चढतो आणि जिभेवर रेंगाळतो. मालकाने दुसरा कप परत भरून घेतला. मॅलिक महाग आहे हे त्यालाही माहीत होतं, तरी रेट त्याने नंतर विचारला. जॅमवाल्याकडे गेलास तर जॅम सैल राहतो का ते विचार, जॅम घट्ट करणाऱ्या नेहमीच्या पेक्टिनला पीएच ३ च्या आसपास लागतो, तिथे तुझी बीएस्सी कामाला येईल.

क्यूसीवाली_तळोजा:
दादांचं पटलं. माझं एक ऐक, सायट्रिकचं मोनोहायड्रेट (पाणी धरलेलं) आणि अनहायड्रस (बिनपाण्याचं) एकाच रेटला तोलू देऊ नकोस. मोनोमध्ये साधारण ८.६ टक्के पाणीच असतं, म्हणजे १०० किलोत ॲसिड ९१ किलोच्या आसपास. ते दोन रुपये कुठे जातात हे कागदावर मांडून दाखव, पर्चेसवाल्यालाही कळतं. आणि पावडर ड्रिंकवाल्याला मोनो कधीच देऊ नकोस. मागच्या जुलैत एका सप्लायरने आम्हाला अनहायड्रस सांगून मोनो पाठवलं, २५ किलोचं पोतं फोडलं तर आत दगड, स्कूप जाईना, मिक्स केलेली अख्खी बॅच ओली होऊन बसली आणि फोन केला तर उचलेचना. त्या आठवड्यात मी रोज रात्री नऊला घरी गेले. प्रत्येक बॅचचा सीओए (तपासणीचा दाखला) मागायच्या आधी पाठव, आम्ही रेटपेक्षा त्याच्यावर टिकतो. लेबलवर आयएनएस (अ‍ॅडिटिव्हचा नंबर) ३३० म्हणजे सायट्रिक लिहायचं की २९६ म्हणजे मॅलिक, हेही छोट्या युनिटवाल्यांना समजावून सांग, खरंच गरज असते त्यांना.

महापेकर_९५:
दोघांचेही मनापासून आभार. ताई, आमच्या गोडाऊनमध्ये आज बघितलं, मोनो आणि अनहायड्रसची पोती एकाच थप्पीत होती, वेगळी करून घेतली. पावण्याच्या शरबतवाल्यांच्या क्यूसी मॅडमना फोन केला, दोन लिटर सिरप द्यायला तयार आहेत, गुरुवारी अकराला बोलावलंय. मॅलिक किती टक्क्यापासून सुरू करू दादा?

आंबटचुका:
एकूण ॲसिडच्या चौथ्या भागापासून कर आणि तीन कप ने. पीएच मीटर घरून कॅलिब्रेट करून ने.