कॅमेरे, वायफाय आणि अडॅप्टरांचं जंगल: एकाच केबलीत भागेल का?

माडाखालचा:
मंडळी, सल्ला हवाय. मालवणजवळ आमचं चिऱ्याचं कौलारू घर, मागे होमस्टेच्या दोन खोल्या. चार कॅमेरे, दोन वायफायचे डबे. प्रत्येकाला नेटची केबल वेगळी, अडॅप्टर वेगळा, वर एक्स्टेंशन बोर्ड. पडवीच्या वाशांवर इतक्या वायरी की आई म्हणते, कोळ्यांना आता काम उरलं नाही. या पावसात दोन अडॅप्टर गेले, तिसऱ्याच्या पिना गंजल्यात. गणपतीला मुंबईकर येण्याआधी आवरायचंय.

खळ्यातली:
पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजे पीओई. नेटच्याच केबलीतून वीज जाते, कॅमेऱ्यापाशी प्लग लागतच नाही. मधे एक पीओई स्विच बसवायचा, म्हणजे सगळ्या नेटच्या केबली जिथे येऊन जुळतात आणि जिथून त्यांना वीज मिळते तो डबा. ८०२.३एएफ आणि ८०२.३एटी ही पीओईची मानकं. एएफ लिहिलेला स्विच एका पोर्टला १५.४ वॅट देतो, एटीवाला ३०. साध्या कॅमेऱ्याला एएफ पुरतो. मात्र स्विचची एकूण वॅटक्षमता बघूनच घ्या. आठ पोर्ट आहेत म्हणून आठही पूर्ण ताकदीने चालतील असं नसतं, आणि रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागले की वीज जास्त ओढतात.
आम्हाला खरा फायदा वेगळाच झाला. स्विच आणि राउटर एका यूपीएसवर टाकले. आता लाइट गेली तरी कॅमेरे आणि वायफाय दोन्ही चालू. पावसाळ्यात आमच्या गुहागरला लाइट किती जाते ते सांगायला नको.

माडाखालचा:
राउटरला पीओई नाही हो. आणि घरातली नेटची जुनी कॅट-५ई केबल चालेल?

जुना वायरमन:
कॅट-५ई चालते, पण तांब्याची असेल तर. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल फार. टोक ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर काढून टाका. तिच्यात व्होल्टेज पडतं, सांध्याला तापते. राउटरला स्विचशेजारीच राहू दे, त्याचा अडॅप्टर एकच तर आहे. वायफायचे डबे पीओईवाले नसतील तर टोकाला १२ व्होल्टचा स्प्लिटर लावा, तो केबलीतून नेट आणि वीज वेगळी करून देतो.
दुसरं, २४ व्होल्टचे 'पॅसिव्ह' इंजेक्टर, म्हणजे केबलीत वीज सोडणारे साधे डबे, सगळीकडे लावू नका. एएफचा स्विच समोरचं यंत्र पीओईचं आहे का ते आधी तपासतो, मगच वीज सोडतो. पॅसिव्ह काही विचारत नाही. चुकून लॅपटॉप जोडलात तर जाऊ शकतो.
बाहेरची केबल काळ्या जाकिटाची, उन्हात टिकणारी. कॅमेऱ्यात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात, तेव्हा जोड बंद डब्यात, ओल रोखणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून.

माडाखालचा:
आणि बेड्यावर, म्हणजे आवाराच्या फाटकापाशी, पाचवा कॅमेरा? घरापासून दीडशे मीटर तरी असेल.

देवगडकर:
बेड्यार कॅमेरो कित्याक होयो? कुत्रो आसा मां!

जुना वायरमन:
कुत्रा रेकॉर्डिंग ठेवत नाही, देवगडकर. तांब्याच्या केबलीला १०० मीटरची मर्यादा. त्यात दोन टोकांमधे उघड्यावर तांबं ओढलं की जवळपास वीज पडली तर सगळ्या पोर्टांचा फडशा. मागच्या मे महिन्यात एका वाडीत अख्खा स्विच जळालेला मी स्वतः उतरवला. तिथे फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल न्या, वीज बेड्यावरच घ्या. तेवढा एक अडॅप्टर राहील.

माडाखालचा:
चालेल. आधी खोल्यांकडचं करतो, बेड्याचं दिवाळीनंतर. तोवर कुत्रो आसाच.