चौथ्यांदा लिहितेय : काचेतलं धुकं

बी-४०२ : नमस्कार. हॉलच्या खिडकीत दोन काचांच्या मध्ये धुकं धरलंय. आतून पुसलं, बाहेरून पुसलं, जात नाही. लेक त्यावर बोटाने नाव काढायला गेली, तर बोट कोरडंच. मागच्या मीटिंगला 'बघू' म्हणालात, अजून बघताय का?

सेक्रेटरी : ताई, विषय घेतलाय. सगळ्या विंगच्या खिडक्या एकदम बदलायचा प्रस्ताव आहे. थोडा धीर धरा.

ए-१०३ : फ्रेम काढू नका. नुसती जोडकाच, म्हणजे कडेने सीलबंद केलेली दोन काचांची जोडी, बदलता येते.

सी-३०४ : घरात ओल असणार. खिडक्या उघडत जा.

बी-४०२ : घरातली ओल असती तर आतल्या काचेवर हाताला पाणी लागलं असतं ना?

ए-१०३ : ताईंचं बरोबर आहे. आतल्या बाजूला पाणी म्हणजे खोलीत दमटपणा. मधोमध धुकं म्हणजे कडेचं सील गेलं. काचांमधल्या पट्टीत ओल शोषणारे दाणे असतात. ते भरले की धुकं दिसायला लागतं. मधे आरगॉन वायू भरलेला असेल, तर तोही सुटत जातो. आणि फ्रेम काढू नका, नुसती जोडकाच बदलता येते.

सी-३०४ : भोक पाडून वाळवून देतात म्हणे. व्हिडिओ पाहिलाय.

ए-१०३ : डाग कदाचित जाईल. गेलेलं सील आणि आरगॉन कुठून आणणार?

बी-५०२ : पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, माझ्या कुंड्यांखाली ट्रे आहेत. फोटो परत टाकू का?

बी-४०२ : मी कुंड्यांचं नाव तरी काढलं का?

बी-५०२ : मागच्या वेळी काढलं होतं.

सेक्रेटरी : कृपया विषयावर या. इमारत बाहेरून एकसारखी दिसायला हवी, म्हणून सगळ्या एकदम.

ए-१०३ : साहेब, काच त्याच रंगछटेची आणि जाडीची मागवली की झालं. मात्र जुन्या काचेला उष्णता अडवणारं कोटिंग आहे का ते आधी बघा. अंधारात खिडकीसमोर मेणबत्ती धरा, पडद्यापासून लांब. दोन काचांत चार ज्योती दिसतात. एकीचा रंग वेगळा दिसला तर कोटिंग आहे. साध्या एकेरी काचेचा यू-व्हॅल्यू आकडा ५.७ च्या आसपास, साध्या दुहेरीचा २.८, कोटिंग आणि आरगॉनवालीचा १.१ पर्यंत उतरतो. आकडा जितका कमी तितकी उष्णता कमी झिरपते. नुसतं धुकं जावं म्हणून साधी दुहेरी बसवून घेतली तर पस्तावाल.

सी-३०४ : आमच्याकडे तर खालून पाणी येतं. मी सिलिकॉन भरून टाकलं.

ए-१०३ : फ्रेमच्या तळाची बारीक भोकंही बुजवलीत का?

सी-३०४ : हो, तिथूनच तर येत होतं.

ए-१०३ : अहो, ती पाणी बाहेर जायलाच ठेवलेली असतात! मोकळी करा. पाणी साचून राहिलं की कडेचं सील लवकर जातं.

सी-३०४ : हे आधी कुणी सांगितलं नाही.

बी-४०२ : काका, आत्ताच मेणबत्ती धरली. चार ज्योती दिसल्या, एक लालसर आहे!

ए-१०३ : मग तशीच मागवा, आणि कोटिंग कुठल्या बाजूला येणार ते लेखी घ्या.

बी-५०२ : ताई, मेणबत्ती घेऊन वर येता का? आमच्या बेडरूमलाही कोपऱ्यात पांढरं दिसतंय.

सेक्रेटरी : कुणाकुणाच्या काचेत मधोमध धुकं आहे त्यांनी फ्लॅट नंबर टाका. खिडक्या किती, तेही.

बी-४०२ : बी-४०२, दोन.

ए-१०३ : आणि फ्रेम काढू नका.