मदत हवी आहे: आयपी अ‍ॅड्रेस दुसऱ्याला कळला तर त्यावरून घर सापडते का?

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. मुलगा नववीत आहे, मोबाइलवर ऑनलाइन गेम खेळतो. काल खेळताना कुणाशी तरी वाजले, तर समोरच्याने चॅटमध्ये आमचा आयपी अ‍ॅड्रेस टाकून लिहिले, "घर कळले, येतो बघ." मुलगा रात्रभर झोपला नाही. तो आकडा एका साइटवर टाकला तर नकाशावर ठिपका पणजीत पडला, दुसऱ्या साइटवर थेट मुंबईत. आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. घरी स्थानिक केबलवाल्याचे फायबर आहे, राउटर त्यानेच लावून दिला. या आकड्यावरून नेमके काय काय कळते? तो बदलून घेता येतो का? आणि आता लगेच काय करावे?

काजूबी:
आधी मुलाला जवळ बसवून सांगा की त्या आकड्यावरून कुणी दारात येऊ शकत नाही. एकाच आकड्याचा ठिपका एकदा पणजीत आणि एकदा मुंबईत पडतो, याचा अर्थ या साइट्स अंदाज बांधतात. आयपींचे गठ्ठे नेट कंपनीच्या नावावर नोंदलेले असतात. त्या नोंदीवरून, कंपनीचे गेटवे (ग्राहकांना बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारे उपकरण) जिथे असेल त्यावरून साइट गाव ठरवते. तुमच्या घराची नोंद तिच्याकडे नसते.

हा अंदाज किती चुकतो याचे एक उदाहरण सांगतो. मॅक्समाइंड ही अशी माहिती पुरवणारी अमेरिकन कंपनी. "अमेरिकेत आहे, पण कुठे ते ठाऊक नाही" अशा सगळ्या आयपींसाठी तिने देशाच्या साधारण मध्यावरचा एक बिंदू ठरवून टाकला होता. तो नेमका कॅन्सस राज्यातल्या एका शेतघरावर पडला. ६० कोटींहून जास्त आयपी त्या एका घराच्या नावावर दिसायचे आणि तिथल्या लोकांच्या दारात वर्षानुवर्षे पोलीस यायचे. २०१६ मध्ये बातमी झाली, तेव्हा कंपनीने तो बिंदू उचलून एका तलावात नेऊन ठेवला.

पंचायतीचा घर क्रमांक चौकटीवर रंगवलेला असतो, तो पिढ्यान्‌पिढ्या तोच राहतो. आयपी तसा नाही. कंपनी आपल्या साठ्यातला एक नंबर तात्पुरता देते. पावसात वीज जाऊन राउटर बंद-चालू झाला की बहुतेक वेळा दुसरा मिळतो. परक्या माणसाला त्यातून कळते ते एवढेच: कंपनी कुठली, देश कुठला, ढोबळमानाने प्रदेश, जोडणी मोबाइलची आहे की घरची. नाव, फोन नंबर, घर यांतले काही नाही. कुठला नंबर कोणत्या क्षणी कुणाला दिला होता, ही नोंद कंपनीकडे असते आणि ती कायदेशीर मागणी आल्यावर पोलिसांनाच मिळते.

आता तीन आकडे बघून इथे लिहा. मोबाइलचा डेटा बंद करून वायफायला जोडा. पहिला आकडा फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडणीच्या तपशिलात दिसेल. दुसऱ्यासाठी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, राउटरचे पान उघडेल (लॉगिन राउटरच्या तळाशी चिकटवलेले असते), तिथे स्टेटसखाली वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला नंबर) बघा. तिसरा, "माय आयपी" सर्च केल्यावर बाहेरची साइट दाखवते तो. पूर्ण आकडे लिहू नका, सुरुवात पुरे.

डिचोलीकर:
फोनवर १९२.१६८.१.७. राउटरच्या पानावर १००.७२ ने सुरू होणारा. बाहेरची साइट तिसराच दाखवते, १०३ ने सुरू होणारा. चॅटमध्ये टाकलेला हाच शेवटचा होता. तिन्ही वेगळे कसे?

मांडवीपार:
तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनी बऱ्याच ग्राहकांना एकाच बाहेरच्या आयपीवरून नेट देते. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा नेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठीच राखून ठेवलेला आहे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते सगळ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटी. वाटपाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला देऊन झाले. म्हणून कंपन्या एका बाहेरच्या आयपीवर बऱ्याच ग्राहकांना बसवतात. तो १०३ वाला आकडा एकट्या तुमचा नाही, त्याच क्षणी तुमच्यासोबत आणखी कितीतरी घरे त्याच नंबरावरून नेट वापरत असतील. अशा वेळी कंपनीलाही नुसत्या आयपीवरून ग्राहक ओळखता येत नाही, पोर्ट नंबर (त्या आयपीवरची एकेक जोडणी ओळखणारा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते.

सीजीनॅटमुळे बाहेरून कुणी त्या आयपीवर धडका मारल्या तर त्या कंपनीच्या उपकरणावर बसतात, तुमच्या राउटरपर्यंत येत नाहीत. राउटरवरचा वॅन आयपी आणि बाहेरचा आयपी एकच असता तर गोष्ट वेगळी. मग राउटर काही वेळ बंद ठेवून नवा आयपी घ्यावा लागला असता.

एक गोष्ट मात्र बघायची राहिली. बाहेरच्या साइटवर विसर्गचिन्हांसारख्या ठिपक्यांचा, आकडे-अक्षरे मिसळलेला लांबलचक पत्ताही दिसतो का? तो आयपीव्ही६. तिथे सीजीनॅटची भिंत नसते, प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा पत्ता असतो आणि त्याचा पहिला अर्धा भाग घराच्या जोडणीचा असतो. तो दिसत असेल तर राउटरमध्ये आयपीव्ही६ फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सोय) चालू आहे ना, ते तपासा.

काजूबी:
तीन आकड्यांचा उलगडा झाला. आता राउटरची कामे. अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, वायफायचा नव्हे, राउटरच्या पानाचा. केबलवाले बहुधा सगळीकडे तोच एक ठेवतात. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरचे पान उघडण्याची सोय) बंद, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफायला जोडण्याची सोय) बंद, यूपीएनपी (अ‍ॅप्सना राउटरमध्ये आपोआप वाट उघडू देणारी सोय) बंद. यूपीएनपी बंद केल्यावर काही गेममध्ये "स्ट्रिक्ट नॅट" असा इशारा येतो आणि व्हॉइस चॅट तुटते. तसे झालेच तर पुन्हा चालू करा, पण बाकीचे तसेच ठेवा.

यानंतर मुलाला विचारा: आयपी गेला कसा? वाटा बहुधा दोन असतात. काही गेमचे व्हॉइस चॅट एका फोनवरून थेट दुसऱ्या फोनला जोडले जाते. किंवा समोरच्याने लिंक पाठवली आणि ती दाबली गेली. लिंक उघडली की पलीकडे आयपी, फोनचा प्रकार, ब्राउझर, वेळ एवढे नोंदले जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर दोघांचा कॉलही थेट जोडला जाऊ शकतो. तिथे सेटिंग्ज, प्रायव्हसी, अ‍ॅडव्हान्स्ड या वाटेने "प्रोटेक्ट आयपी अ‍ॅड्रेस इन कॉल्स" चालू करा. आवाज किंचित खालावतो, पण चालतो.

घर सापडते ते दुसऱ्याच गोष्टींवरून. गेममधले नाव आणि इन्स्टाग्रामचे नाव एकच असणे, प्रोफाइलवर शाळेचे नाव, गणवेशातला फोटो, वाड्यावरच्या देवळासमोरची रील. मला आयपीपेक्षा याची काळजी जास्त वाटते. आजच्या आज हे सगळे काढा.

किनारपट्टी:
याच धाग्यात विचारतो. कळंगुटला पाच खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतो. वायफाय एकच आहे. कॅमेऱ्यांसाठी स्टॅटिक आयपी घेतला आहे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डबा) फोनवरून दिसतो. धोका आहे का?

मांडवीपार:
तुमचे प्रकरण डिचोलीकरांपेक्षा नाजूक आहे. स्टॅटिक आयपी बदलत नाही आणि तो फक्त तुमचा. डीव्हीआर फोनवर दिसावा म्हणून बसवणाऱ्याने पोर्ट फॉरवर्डिंग केले असणार, म्हणजे राउटरमधून डीव्हीआरपर्यंत बाहेरून थेट वाट उघडली असणार. उघडी पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात, त्यांना तुमचे नाव माहीत असण्याची गरज नसते. मूळ पासवर्ड तसाच असेल तर तुमच्या पाहुण्यांची ये-जा कुणीही बघू शकतो. फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून ब्राउझरमध्ये तुमचा आयपी, पुढे कोलन (:) आणि पोर्ट नंबर टाका. लॉगिनचे पान आले तर जगालाही ते येते. फॉरवर्डिंग काढून टाका. कंपनीचे अ‍ॅप क्लाउडमधून वापरा, किंवा राउटरमध्ये व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी, कुलूपबंद वाट) सर्व्हर असेल तर त्यातून बघा. डीव्हीआरचा पासवर्ड आणि फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) दोन्ही नवे हवेत.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळे करा, म्हणजे त्यांना डीव्हीआर दिसणारच नाही. पासवर्ड अधूनमधून बदला आणि कोण कधी राहिले ही नोंदवही नीट ठेवा. कुणी त्या जोडणीवरून गैरप्रकार केला तर कंपनीच्या नोंदीत नाव तुमचे निघते, पहिला प्रश्न तुम्हालाच येतो.

डिचोलीकर:
मुलगा बोलला. "फ्री डायमंड" म्हणून आलेली लिंक दाबली होती. प्रोफाइलवर शाळेचे नावही होते, ते काढले. राउटरचा पासवर्ड तळाच्या लेबलवरचाच होता आणि रिमोट मॅनेजमेंट चालू. दोन्ही बदलले. आयपीव्ही६ दिसत नाही. व्हीपीएन घेऊ का? तक्रार करावी का?

काजूबी:
लिंकच्या पानावर मुलाने गेमचा किंवा ईमेलचा पासवर्ड टाकला होता का, ते आधी विचारा. टाकला असेल तर दोन्ही पासवर्ड आत्ता बदला, हे सगळ्यांत तातडीचे.

यासाठी व्हीपीएनची गरज नाही. व्हीपीएन घेतले की तुमच्या नेट कंपनीला जे दिसते ते व्हीपीएनवाल्याला दिसू लागते, आणि लॉगिन केलेल्या खात्याला किंवा जीपीएसला त्याने काही फरक पडत नाही. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे-पत्ते ५ वर्षे ठेवायचे आहेत. फुकटची व्हीपीएन अ‍ॅप्स तर मुलाच्या फोनवर नकोच.

तक्रार जरूर करा, धमकी ती धमकीच. चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. समोरच्याचे दिसणारे नाव पुरत नाही, ते तो केव्हाही बदलेल. प्रोफाइल उघडून आकड्यांचा यूजर आयडी टिपून घ्या. ती लिंकही पुन्हा न उघडता कॉपी करून ठेवा. मग गेममध्ये रिपोर्ट करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा डिचोली पोलीस स्टेशनवर द्या. ब्लॉक सगळ्यात शेवटी करा, आधी केले तर काही गेममध्ये चॅट दिसेनासे होते. उशीर करू नका. सर्ट-इनच्या त्याच आदेशात लॉग ठेवण्याची मुदत १८० दिवस आहे.

मांडवीपार:
राउटरबद्दल एक राहिले. सेटिंग बिघडली म्हणून मागच्या बारीक भोकात पिन घालून रीसेट करू नका. जोडणी पीपीपीओई (राउटरमध्ये यूजरनेम-पासवर्ड भरून चालणारी) असेल तर तिचे यूजरनेम-पासवर्ड पुसले जातात आणि केबलवाला येईपर्यंत नेट बंद राहते. ते दोन्ही आजच त्याच्याकडून मागून लिहून ठेवा. आणि तो कधी राउटर बदलून गेला तर रिमोट मॅनेजमेंट पुन्हा चालू झाले आहे का, ते त्याच संध्याकाळी उघडून बघा.