मदत हवी आहे: तिसरी-चौथीच्या मुलांसाठी चित्रकथी

आमच्या प्राथमिक शाळेत दर महिन्याला एक कला धरतो. जुलैत वारली झाली. गेरू लावलेल्या पुठ्ठ्यावर तांदळाचं पीठ! सुकल्यावर पोपडे निघायचे, पिठात डिंक घातला तेव्हा कुठे टिकलं. (पालकांनो, घरी चित्र 'सुधारून' पाठवू नका हो. तारपा वाजवणाऱ्याला पाच बोटं आणि मिशा आल्या होत्या.)

आता सप्टेंबरसाठी कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी घ्यायची आहे. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, ती हीच कला. एकेक चित्र समोर धरून ठाकर समाजातले कलाकार रामायण-महाभारतातली गोष्ट गातात.

अडचण अशी की आमची तासिका जेमतेम पस्तीस मिनिटांची. आठ-दहा चित्रांत बसेल असा कोणता प्रसंग घ्यावा? युद्ध नको, मुलं तेवढंच काढत बसतात. चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायला कागद कोणता, म्हणजे वाकणार नाही? आणि पेटी-तबल्याशिवाय, नुसत्या टाळांवर मुलांकडून गाऊन घेतलंय का कुणी? चाल सोपी हवी.

सिंधुदुर्गातल्या शिक्षकांनी जरूर सांगा. सामान शनिवारपर्यंत आणायचंय.