कुलरच्या गंजाचे कुर्ते अन् कापलेली करवत काठी

सुईदोरा

परवा इथे ग्रुपवर एकाने नागपूरच्या धरमपेठेतल्या प्रदर्शनातले दोन फोटो टाकले. एक गंजाचे ठसे उठवलेला सुती कुर्ता, दुसरं करवत काठी टसरचं, म्हणजे काठाला करवतीसारखे दाते असलेल्या रेशमाचं जॅकेट, कडा न दुमडता सोडलेल्या. खाली लिहिलं होतं : 'कुलरचं पाणी सांडलेलं फडकं दोन हजारात विकून राहिले. हे डिझाइन नाही, कापडाचा खून आहे.' त्याखाली लोक पोट धरून हसले. दोन्ही कपडे माझे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कुर्ता. हातमागाचं सुती कापड मी हरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवते. मग व्हिनेगरने ओलं करून जुन्या कुलरच्या गंजलेल्या पत्र्याभोवती गुंडाळते, दोऱ्याने करकचून आवळते, वरून प्लास्टिक. हरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोखंड भेटलं की काळा-राखाडी रंग येतो; टॅनिन नसेल तिथे तांबूस. पत्र्याची जाळी, स्क्रूची डोकी, दोऱ्याचे वळ, सगळं उमटतं. मे महिन्यात आपल्याकडे गुंडाळी बघता बघता सुकते आणि ठसा अर्धवट राहतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा ओली करावी लागते. जुलैत तोच पत्रा रात्रभरात दाट रंग देतो. कुठे किती उठणार हे मी आधी ठरवलेलं असतं.

आता जॅकेट. ते ज्या साडीतून कापलं, ती नवी नव्हती. एका ओळखीच्या काकूंच्या कपाटातली, वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली. टसर असं ठेवलं की घडीच्या रेषेवर चिरतं. नेसण्याजोगी ती उरलीच नव्हती, काठ मात्र शाबूत. साडीत तो पायाशी जातो, कोणी बघत नाही. काठ आणि अंग जिथे जुळतात, तो दातेरी सांधा मी छातीवर आणला. कडा सोडल्या आहेत, पण अर्ध्या इंचावर बारीक टीप आहे, धागे तिथपर्यंतच सुटतील.

याच गावात टाटांनी 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली आणि पुढे तिथे रिंग स्पिंडल, म्हणजे सूत कातायची नवी यंत्रं चालवून पाहिली, तेव्हा इंग्लंडातल्या लँकेशायरचे गिरणीवाले म्यूल या जुन्या यंत्रावरच अडून होते. नवं तंत्र आधी चालवून बघायचं, मग बोलायचं, हे नागपूरला नवीन नाही. कपडा धुतल्यावर काय होतं, अंगावर कसा बसतो, हे तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. फोटो पाहून हसलात.

इतवारीकर

फोटो मीच टाकला होता, अन् कुर्त्याबद्दल एक शब्द मागे घेत नाही. आमचं तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान. थानात एक गंजाचा डाग निघाला तर गिऱ्हाईक आख्खं थान परत करते. गोदामात पावसाळाभर आम्ही लोखंडी रॅकवर कागद अंथरतो ते काहून? डाग लागू नये म्हणून. अन् तुम्ही तोच डाग मुद्दाम लावून त्याचे पैसे मागून राहिल्या. आजोबांनी जे नुकसान म्हणून वहीत लिहिलं, ते आज कला झालं? एम्प्रेस मिलचं उदाहरण तर देऊच नका. तिथे रिंग स्पिंडलवर सूत जास्त निघत होतं, गिरणीला फायदा होता. तुमच्या गंजाने कोणाचं सूत वाढलं?

प्रयोग करायचे तर मिलच्या कोऱ्या मांजरपाटावर करा. हातमागाच्या कापडावर माणसाचे दिवस खर्ची पडलेले असतात.

रसायनवाला

कापड रंगवण्याच्या नोकरीत आयुष्य गेलं माझं, म्हणून सांगतो. सुईदोरा, तुमचा रंग पक्का आहे, वाद नाही. पण कापड? लोखंड सुती धाग्यात राहिलं की हवा, ओल आणि उजेडात ते सेल्युलोज, म्हणजे धागा ज्याचा बनतो तो पदार्थच, हळूहळू तोडतं. जुन्या काळ्या छापाच्या कापडात नेमका काळा भागच विरून भोकं पडलेली दिसतात, त्याचं कारण हेच. ठसा हवा तेवढा उठला की कापड लगेच सोडवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारा, मग भरपूर धुवा. रात्रभराचं दोन दिवस केलंत तर गिऱ्हाइकाला वर्षा-दोन वर्षांत जाळी मिळेल.

आणि त्याच प्रदर्शनात पलीकडच्या टेबलावर कोणीतरी टसरच्या ओढण्यांवर ब्लीचने नक्षी काढली होती, ते बघून माझं डोकं फिरलं. क्लोरीनचं ब्लीच रेशीम खातं. टसर म्हणजे प्रथिन, ते पिवळं पडतं, मग विरघळतं. सुती कापडावर ब्लीच चालेल, तेही नंतर हायपोने, म्हणजे ब्लीच मारणाऱ्या रसायनाने थांबवून. आणि ब्लीचच्या बादलीत कोणी व्हिनेगर ओतू नका, क्लोरीन वायू निघतो. घरच्या बाथरूममध्ये दार लावून हे प्रयोग करणाऱ्या पोरी मी पाहिल्या आहेत.

मागावरचा

तांडापेठेतला आहे. घरी माग होता, आता काकांकडे एकच उरला. सगळे कापलं की नाही कापलं यावर भांडून राहिले. पण ती साडी खरी करवत काठी होती कशावरून?

करवत काठी म्हणजे तीन धोट्यांचं काम, धोटा म्हणजे आडवा धागा नेतो तो. दोन काठांचे दोन, अंगाचा एक. प्रत्येक फेरीला काठाचा धागा अन् अंगाचा धागा एकमेकांत अडकवायचा, तेव्हा ते करवतीचे दाते येतात. एक फेरी चुकली तर दात तुटतो अन् उसवून परत. बाजारात 'नागपूर टसर' म्हणून जे लटकलेलं असते, त्यातलं कितीक पॉवरलूमवर छापल्यासारखं काढलेलं पॉलिस्टर आहे. इतवारीकर भाऊ, तुम्हाला विणकराच्या दिवसांची एवढी कळकळ असेल तर आधी सांगा, तुमच्या दुकानात काय आहे?

इतवारीकर

आमच्या दुकानावर येऊ नका. आम्ही हातमागाचं ते हातमागाचं अन् मशीनचं ते मशीनचं सांगूनच विकतो.

मागावरचा

सांगता, गिऱ्हाइकाने विचारलं तर. 1985 चा कायदा आहे, ठरावीक प्रकारच्या साड्यांसकट 11 प्रकार हातमागासाठी राखीव. पॉवरलूमवर ते काढायचेच नाहीत. बाजारभर फिरून या अन् कायदा कुठे दिसतो ते सांगा. माझ्या काकाने एका व्यापाऱ्याला माल दिला, त्याने भाव पाडला, कारण शेजारच्या गठ्ठ्यात तसाच दिसणारा मशीनचा माल अर्ध्याहून कमी दरात होता. काका घरी येऊन काही बोलले नाहीत, पण त्या वर्षी चुलत भावाला मागावर बसवलं नाही. तो आता हिंगण्याला कंपनीत आहे. कापडाचा खून म्हणता ना, तो हा आहे.

इतवारीकर

तुमच्या काकाचा भाव मी पाडला नाही. प्रत्येक व्यापारी चोर, हे ऐकून घेणार नाही. उधारीवर सूत कोण देत होतं विणकरांना? आम्हीच ना?

मागावरचा

अन् त्या उधारीपायीच माल तुम्हालाच विकावा लागत होता, तेही लिहा.

खामल्याची काकू

भांडणं थांबवा. मला सांगा, खरं टसर ओळखायचं कसं? लेकीच्या लग्नात घेतलेली साडी आता संशयाची वाटायला लागली.

रसायनवाला

पदराच्या आतल्या कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरून जाळा. रेशीम असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की विझतं, राख बोटात चुरडते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. काठाचा धागा वेगळा जाळा, तो सुती असला तर कागदासारखा वास येईल, त्याने घाबरू नका. रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी हँडलूम मार्क, ही दोन्ही लेबलं वेगवेगळी आहेत, एक असलं म्हणजे दुसरं असेलच असं नाही.

बर्डीची पोरगी

सगळे टसरवर गेले. ही चर्चा लोक अशा कपड्यांकडे कसे बघतात यावर होती ना?

मी फॅशनचा कोर्स करते. सबमिशनला सुती फ्रॉक क्रॉसमध्ये कापला. मॅडलिन व्हिओने 1920 च्या दशकात पॅरिसमध्ये हे करत होती, कापड 45 अंशांत फिरवायचं, मग ते लोंबतं आणि अंगावर स्वतःच बसतं. खालची कड शिवण्याआधी फ्रॉक रात्रभर टांगून ठेवावा लागतो, कारण कापड जागोजागी कमी-जास्त उतरतं. मी दोन्ही कुशीच्या शिवणी मुद्दाम बाहेर काढल्या होत्या. सीताबर्डीच्या मेट्रोत एक बाई मायेने म्हणाल्या, 'बेटा, उलटा घातला का गं?' घरी आजी म्हणाली, भिकाऱ्यासारखं काहून शिवलं. टेलरकाकांनी तर कापायलाच नकार दिला, म्हणाले, क्रॉसमध्ये कापड जास्त जातं, नंतर मलाच बोलाल. कापड खरंच जास्त गेलं, ते मी मानते. पण त्या फ्रॉकमध्ये मला हात वर करता येतो, बसता येतं, एकही डार्ट, म्हणजे अंगाला बसवायला घातलेली चुणी नाही. हे आजीला घालून दाखवलं तरी तिला शिवणीच दिसत होत्या. इतवारीकर काका, तुमचंही तेच चाललंय.

इतवारीकर

पोरी, तुझ्या फ्रॉकला मी काही म्हटलं नाही. कापड वाया गेलं हे तूच सांगून राहिली. कटाईत तसंही साधारण 15 टक्के कापड कतरणीत जाते, त्यात अजून भर.

बर्डीची पोरगी

म्हणूनच लोक झिरो वेस्ट करतात. आपला जुना कळीदार कुर्ता तसाच तर कापलेला असतो, सरळ पट्ट्या, कळ्या आणि काखेत चौकोनी तुकडा, कतरण जवळजवळ शून्य. तेव्हा कोणी नाक मुरडलं नाही.

सुईदोरा

रसायनवाला, सोड्याचं पाणी मी वापरतेच, आणि ठसा हवा तेवढा उठला की लगेच कापड सोडवते. प्रदर्शनात ठेवला तो कुर्ता मी स्वतः दोन उन्हाळे घालून, धुऊन मग ठेवला. काखेत कापड पातळ होतं का ते बोटाने ताणून बघायची मुभा प्रत्येक गिऱ्हाइकाला होती. बघितलं ते दोघांनी, आणि दोघांनीही माझे कुर्ते घेतले.

इतवारीकर, डाग आणि ठसा यात फरक आहे. डाग कुठे पडेल हे तुमच्या हातात नसतं. माझा ठसा खांद्यावर हवा तर खांद्यावरच येतो.

मागावरचा, तुमच्या रागापुढे माझा कुर्त्याचा मुद्दा लहान आहे, हे मला कळतं. पण तो करवतीचा सांधा मी छातीवर आणला तेव्हाच बायका थांबून विचारायला लागल्या, हा विणतात कसा.

इतवारीकर

फाटकी साडी होती हे फोटोत दिसत नव्हतं. तसं असेल तर जॅकेटपुरता माझा आक्षेप नाही. कुर्त्याचा आहे अन् राहील. दुकानात ठेवणार नाही.

मागावरचा

सांधा दिसला, विणणारा कुठे दिसला? जॅकेटच्या टॅगवर तुमचं नाव आहे, मी झूम करून पाहिलं.

सुईदोरा

जुन्या साडीचा विणकर कोण हे काकूंनाही माहीत नव्हतं. नवं कापड घेईन तेव्हा टॅगवर विणकराचं नाव माझ्या नावाच्या वर लिहीन. हे इथे सगळ्यांसमोर सांगते.

मागावरचा

मग पुढचं कापड काकांच्या मागावरून घ्या. भाव ते सांगतील, घासाघीस चालणार नाही. अन् गंजाच्या पत्र्यावर ते गुंडाळणार असाल तर आधी त्यांना विचारा. ते हो म्हणतील की नाही, मी शब्द देत नाही.