सगळे नंबर बायोसमध्येच नसतात

असं म्हणतात की पीसीच्या मदरबोर्डावरचे सगळे ओळख-क्रमांक बायोसच्या (म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) चिपमध्ये असतात. अर्धंच बरोबर. पीसीआय उपकरणाचा (ग्राफिक्स किंवा लॅनसारख्या, बोर्डाला जोडलेल्या भागाचा) व्हेंडर आयडी म्हणजे कंपनीचा क्रमांक आणि डिव्हाइस आयडी म्हणजे मॉडेलचा क्रमांक, प्रत्येकी १६ बिटांचे, बहुधा त्या चिपच्या सिलिकॉनमध्येच पक्के असतात. इंटेलचा व्हेंडर आयडी ८०८६, त्यांच्या १९७८च्या याच नावाच्या प्रोसेसरवरून. मला हे फार आवडतं. रॅमची माहिती रॅमच्या पट्टीवरच्या छोट्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी माहिती जपणाऱ्या चिपमध्ये) असते, डीडीआर४ मध्ये ५१२ बाइट.

पण बोर्डाचा सीरियल नंबर, यूयूआयडी (त्या एका पीसीचा वेगळा ओळख-क्रमांक) आणि इंटेलच्या ऑनबोर्ड लॅनचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरची त्याची ओळख) मात्र बहुधा खरोखर बायोसच्याच फ्लॅश चिपमध्ये असतात. इंदूरला जेल रोडवर बाबांचा पीसी दुरुस्तीला दिला होता. कारागिराने नेटवरची बायोस फाइल चिपवर चढवली. पीसी सुरू झाला, पण सीरियल नंबर कोरा आणि मॅक ८८-८८-८८-८८-८७-८८! हा इंटेलच्या नमुना फाइलमधला मॅक. घरात असे एकाच मॅकचे दोन पीसी एका राउटरवर आले तर भांडण ठरलेलं. बॉक्सवरच्या स्टिकरवरून जुना मॅक परत लिहिता आला, यूयूआयडी मात्र कायमचा गेला. म्हणून कारागिराला आधीच सांगा: जुनी चिप प्रोग्रामरवर (चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्रावर) वाचून तिची फाइल पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय काही पुसू नका.