शिवराईचा फोटो आणि उजेडाची दिशा

शिवराईवरची, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्यावरची अक्षरं डोळ्यांना दिसतात, मग फोटोत का हरवतात, असा प्रश्न पडतो. फ्लॅश समोरून पडतो म्हणून. झिजलेल्या तांब्याला उठाव फार कमी उरतो. सावली पडल्याशिवाय ‘श्री राजा शिव’ वाचताच येत नाही. एकच दिवा टेबलालगत, १५-२० अंशांवर ठेवा आणि नाणं हळूहळू फिरवा. एका जागी अक्षरं अशी उठून येतात की बघत राहावं! आपल्या सोलापूरच्या थेट उन्हात मात्र नको, उत्तरेची खिडकी उत्तम.

चकाकी टिकलेल्या १८६२ च्या राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेल्या) रुपयाचं तंत्र वेगळं. नाण्यावर ४५ अंशांत साधी काच धरा, दिवा बाजूने, कॅमेरा बरोबर वरून.

आणि कृपा करून फोटोसाठी नाणं चिंचेने घासू नका, जुना रंग परत येत नाही.